लुटीचा हिशेब २६ नोव्हेंबरच्या आत मांडा

सीताबर्डीच्या लढाईत आणि पुढे राज्य खालसा झाल्यावर नागपुरातून जे जे उचललं गेलं, त्यातली एकही वस्तू यापुढे कुठल्याही लिलावात मुकाट्याने विकू दिली जाणार नाही. हे आम्ही बर्डीवरून जाहीर करत आहोत. इशारा लंडन, न्यूयॉर्क, हाँगकाँगच्या लिलाव कंपन्यांना आहे, तिथून माल उचलणाऱ्या संग्राहकांना आहे, मंत्रालयात बसलेल्यांना आहे, आणि ज्यांच्या माळ्यावर जुनी शस्त्रं नि मोडीचे रुमाल धूळ खात पडलेत त्या आमच्याच नागपूरकरांनाही आहे. मुदत येत्या २६ नोव्हेंबरची. तारीख आम्ही मनाने काढलेली नाही, ती बर्डीच्या टेकडीची आहे.

रेल्वे स्टेशनच्या पश्चिमेला दोन टेकड्या आहेत, एक थोरली, एक धाकटी. १८१७ साली तिथे किल्ला नव्हता. टेकड्या उघड्याबोडक्या होत्या आणि लगतच कंपनी सरकारचा रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स याची रेसिडेन्सी होती. २६ नोव्हेंबरच्या संध्याकाळी गोळीबार सुरू झाला आणि रात्रभर थांबला नाही. कर्नल स्कॉटच्या हाताखाली कंपनीची फौज दीड हजाराच्या आत, समोर मुधोजी ऊर्फ अप्पासाहेब भोसले यांची तिच्या कितीतरी पट. दुसऱ्या दिवशी सकाळी भोसल्यांच्या अरबांनी धाकटी टेकडी घेतली. थोरलीही जाणार असं वाटत असताना कॅप्टन फिट्झजेराल्डच्या घोडदळाने चाल केली आणि पारडं फिरलं. कंपनीची ३६७ माणसं ठार-जखमी झाली. १६ डिसेंबरला सक्करदऱ्याला दुसरी लढाई झाली. त्यानंतर अरब जुम्मा दरवाजाच्या आत, महालाच्या आश्रयाने चिवटपणे लढत राहिले आणि डिसेंबर संपता संपता अटी घालूनच बाहेर पडले. त्या दरवाजाला आज आपण गांधीगेट म्हणतो. टेकड्यांवरची तटबंदी ही लढाईनंतर जेत्यांनी बांधलेली.

बर्डीची लढाई दोन दिवसांत संपली, लूट संपली नाही. कंपनीच्या आणि इंग्लंडच्या राजाच्या फौजेत लूट हा चोरीचा प्रकार मानला जातच नव्हता. पकडलेल्या मालाची मोजदाद होई, तो विकला जाई आणि हुद्द्याप्रमाणे वाटे पडत. १८१७-१८ च्या युद्धात पुणे, नागपूर आणि महिदपूर इथे हाती लागलेल्या मालाच्या पैशावरून गव्हर्नर-जनरल मार्क्विस ऑफ हेस्टिंग्ज आणि दख्खनच्या फौजेचे सेनापती सर थॉमस हिस्लॉप यांच्यात वाद पेटला, तो इंग्लंडात वर्षानुवर्षं चालला. मालक कोण, हा त्या वादाचा विषयच नव्हता. वाटा कुणाला किती, एवढाच प्रश्न होता.

‘तो काळच तसा होता, तेव्हा सगळेच लुटायचे’ हे उत्तर आम्हाला नेहमी तोंडावर फेकलं जातं. ते खोटं आहे आणि खोटं असल्याचा पुरावा इंग्रजांच्याच दप्तरात आहे. सीताबर्डीच्या दोनच वर्षं आधी, १८१५ मध्ये, नेपोलियनचा पाडाव झाल्यावर त्याने युरोपभरातून पॅरिसला नेलेली चित्रं आणि पुतळे ज्याचे त्याला परत गेले पाहिजेत, असा आग्रह ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांनी धरला. व्हेनिसच्या सेंट मार्कचे चार घोडे त्याच वर्षी घरी परतले. विजयी फौजेलाही दुसऱ्या देशाच्या कलावस्तूंवर हक्क सांगता येत नाही, हे तेव्हा युरोपातल्या प्रत्येक दरबाराला कळलं होतं. आणि दख्खनच्या लुटीच्या पैशाचे विश्वस्त म्हणून कोण नेमले गेले? चार्ल्स आर्बथनॉट आणि तेच ड्यूक ऑफ वेलिंग्टन. १८०३ मध्ये अडगावला आणि गाविलगडावर नागपूरकर भोसल्यांशी लढलेले तेच. नियम त्यांना ठाऊक होता. तो आपल्याला लावायचा नाही, हेही त्यांनी ठरवलं होतं. तेव्हा अज्ञानाची सबब इथे चालणार नाही.

तिसरे रघूजी डिसेंबर १८५३ मध्ये वारले, औरस पुत्र नव्हता, आणि डलहौसीने राज्य घशात घातलं. या वेळी एक गोळीही सुटली नाही, तरी राजवाड्यावर जप्ती आली. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला आणून लिलावात काढले आणि मिळेल त्या भावाला फुंकले. जडजवाहीर कलकत्त्याला विक्रीसाठी रवाना झालं. भोसले घराण्यातल्या वृद्ध राणी बांकाबाईंनी विरोध केला, सामान हलवाल तर वाड्याला आग लावीन असं त्या म्हणाल्याचं इंग्रज इतिहासकार जॉन के यानेच लिहून ठेवलं आहे. त्यांचं कुणी ऐकलं नाही. पुढे १८६४ च्या आगीत भोसल्यांचा मोठा वाडाही जळाला. म्हणजे ज्या बर्डीवर आज आपण दिवाळीची खरेदी करतो, तिथे एका राज्याचं चालतंबोलतं वैभव भर बाजारात विकलं गेलंय, आणि त्या जागेवर त्याची दखल घेणारी एक पाटी असावी असं इतक्या वर्षांत कुणाच्या मनातही आलं नाही. मला याची चीड येते.

आता २०२५ कडे या. २९ एप्रिलला लंडनमध्ये सोथबीजच्या लिलावात एक तलवार विकली गेली. सरळ, एकधारी, युरोपीय बनावटीचं पातं. मुल्हेरी घाटाची मूठ, तिच्यावर सोन्याचं कोफ्तगिरी काम, मुठीला गुंडाळलेलं हिरवं कापड. आणि पात्याच्या पाठीवर, मुठीजवळ, सोन्याच्या पाण्याने देवनागरीत कोरलेलं नाव: श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेब सुभा, फिरंग. नागपूरच्या भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघूजी यांची ही तलवार, १७४३ च्या सुमाराची. राज्य सरकारने मध्यस्थामार्फत बोली लावून ती घेतली, सगळा खर्च धरून ४७ लाख १५ हजार रुपये मोजले, आणि १८ ऑगस्टला ती मुंबईत आली. ती सीताबर्डीच्या युद्धानंतरच्या लुटीत गेली असावी, असं सरकारनेच सांगितलं.

तलवार आली याचा आनंद मलाही झाला. सरकारने हालचाल केली नसती तर ती एखाद्या धनिकाच्या दिवाणखान्यात कायमची गडप झाली असती, हेही मान्य. पण शांतपणे विचार करा. लुटीत गेली असं आपणच म्हणतो, आणि मग पैसे मोजून घेतो? ज्याच्या घरी चोरी झाली त्याने बाजारात जाऊन स्वतःचीच वस्तू भाव न करता विकत घ्यायची, दलालाला दलाली द्यायची, वर मिरवणूक काढायची! या व्यवहारात विकणाऱ्याने नाव सांगितलं नाही, वस्तू हिंदुस्थानातून कोणत्या साली, कुणाच्या सामानातून गेली याची कागदपत्रं मागितली गेल्याचं लोकांपुढे आलं नाही. पुढच्या वेळी याच घराण्याची कट्यार निघाली की विकणाऱ्याला खात्री असेल, महाराष्ट्र सरकार येणार आणि बोली चढवणार. टिपू सुलतानाची तलवार २०२३ मध्ये लंडनला बोनहॅम्सने १ कोटी ४० लाख पौंडांना विकली. त्या आकड्याशी पळत कोणत्या राज्याची तिजोरी पुरणार आहे?

दुसरा रस्ता आहे, आणि तो त्याच दिवसांत, त्याच सोथबीजच्या दारात सापडला. पिप्रहवा इथल्या स्तूपात बुद्धाच्या अस्थींसोबत मिळालेली रत्नं ७ मे २०२५ ला हाँगकाँगमध्ये लिलावात निघणार होती. केंद्र सरकारने कायदेशीर नोटीस धाडली, जगभरच्या बौद्धांनी आवाज उठवला, आणि लिलाव थांबला. जुलैअखेर रत्नं भारतात आली. तीही शेवटी एका भारतीय उद्योगसमूहाने विकत घेतली तेव्हाच आली, हे मी लपवत नाही. पण बोलीचा तमाशा थांबला, मालाच्या मालकीवर जगासमोर प्रश्न उभा राहिला. रघूजींच्या तलवारीनंतर जेमतेम आठ दिवसांनी हे घडलं. जी नोटीस हाँगकाँगला जाऊ शकते ती लंडनला का जाऊ नये?

म्हणून लिलाव कंपन्यांनी ऐकून ठेवावं. नागपूरकर भोसल्यांचं नाव, शिक्का वा राजचिन्ह असलेली, किंवा १८१७-१८ आणि १८५३-५४ मधल्या नागपूरशी नातं सांगणारी वस्तू सूचीत आली, की आधी तिचा प्रवास सालवार जाहीर करा. ‘खासगी संग्रहातून’ हे दोन शब्द आम्ही पुरावा मानणार नाही. तुम्ही तो प्रवास दाखवला नाहीत, तर सूचीवरच्या प्रत्येक अशा वस्तूसमोर हरकत नोंदवली जाईल, ती तुमच्या देशाच्या वृत्तपत्रांत आणि खासदारांकडे जाईल, आणि विकत घेणाऱ्याला आधीच कळेल की तो वादग्रस्त माल घेतोय. ज्या मालाभोवती वाद आहे त्याला भाव येत नाही, हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

मंत्रालयाने यादी करावी. लढाईत, शरणागतीत आणि खालसा झाल्यावर काय काय गेलं, त्याची भोसल्यांची कागदपत्रं, रेसिडेन्सीचं दप्तर, लुटीच्या वाटपाचे हिशेब आणि लिलावाच्या नोंदी तपासून केलेली यादी. असेल तर लोकांपुढे ठेवा, नसेल तर आजपासून माणसं बसवा. मोडी वाचणारे आहेत, इंग्रजी दप्तर चाळणारे आहेत, विद्यापीठ इथेच आहे. यादीशिवाय दावा उभा राहत नाही. कायद्याचा हात १८१७ पर्यंत पोहोचत नाही, हे सरकारी वकील आम्हाला लगेच सांगतील, आणि ते बरोबर सांगतील. सांस्कृतिक मालमत्तेच्या चोरट्या व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा १९७० चा करार भारताने १९७७ मध्ये मान्य केला, पण तो मागच्या तारखेने लागू होत नाही. आपला १९७२ चा पुरावशेष कायदाही देशाबाहेर आधीच गेलेल्या मालावर चालत नाही. म्हणून तर दावा नीतीचा आहे, आणि नीतीचा दावा कागदाविना नुसता आरडाओरडा ठरतो.

हे सगळं मी २०० वर्षांपूर्वीच्या दुःखासाठी लिहीत नाही. युद्ध आजही दारात येऊ शकतं, आणि त्याच्यासोबत लूटही. मे २०२५ मध्ये या देशाने सायरन ऐकलेत, दिवे घालवण्याचे सराव केलेत. नागपुरात हवाई दलाचं मेंटेनन्स कमांड आहे, आजूबाजूला दारूगोळ्याचे कारखाने आहेत. १८६३ पासूनचं आपलं मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे अजब बंगला, त्यांच्यापासून किती लांब आहे? सशस्त्र संघर्षात वारशाचं रक्षण करण्याचा १९५४ चा हेग करार भारताने १९५८ मध्ये स्वीकारला. रक्षणाची तयारी शांततेच्या काळातच करायची, असं बंधन त्यात आहे. त्याचा अधिक कडक असा १९९९ चा दुसरा प्रोटोकॉल भारताने स्वीकारलेला नाही, आणि का स्वीकारला नाही ते संसदेत कुणी विचारत नाही. बगदादचं संग्रहालय एप्रिल २००३ मध्ये लुटलं गेलं, सुमारे १५ हजार वस्तू गेल्या, आणि ज्यांचे फोटो व मोजमापं होती त्या ओळखून मागणं सोपं गेलं. काबूलला मात्र संग्रहालयाच्या माणसांनी बॅक्ट्रियाचं सोनं १९८० च्या दशकाच्या अखेरीस राजवाड्याच्या आवारातल्या बँकेच्या तळघरात दडवलं आणि सगळी यादवी, तालिबानची राजवट, धमक्या सोसूनही तोंड उघडलं नाही. २००३-०४ मध्ये ते सोनं जसंच्या तसं बाहेर आलं. त्या माणसांपाशी तोफा नव्हत्या. काय आहे, कुठे आहे आणि वेळ आली तर ते कुठे न्यायचं, हे त्यांना आधीपासून माहीत होतं. अजब बंगल्यातल्या प्रत्येक वस्तूबद्दल आपल्याला ते माहीत आहे का? प्रत्येक वस्तूचा फोटो, माप, खुणा, आणि त्या नोंदीच्या प्रती शहराबाहेर दोन ठिकाणी: २६ नोव्हेंबरला हेही विचारलं जाईल.

बर्डीच्या किल्ल्याबद्दल जरा सांभाळून बोलतो. तो लष्कराच्या ताब्यात आहे, आणि लष्कर होतं म्हणूनच बर्डीच्या दुकानांनी, पार्किंगने आणि होर्डिंगवाल्यांनी तो गिळला नाही. त्याचं ऋण मान्य करूनच बोलायचं. पण वारशाची जागा लष्करी कामासाठी वापरली तर युद्धात तिचं संरक्षण दुबळं होतं, हे त्याच हेग कराराचं कलम आहे. निदान एवढं व्हावं: १ मे, १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला किल्ला लोकांसाठी उघडतो, तसा २६ आणि २७ नोव्हेंबरलाही उघडावा. तिथे कंपनीच्या मृतांच्या कबरी आहेत आणि १८५७ मध्ये फासावर गेलेल्या नवाब कादर अली आणि त्यांच्या साथीदारांचं स्मरणही तिथेच आहे. दोन्ही राखले पाहिजेत. शत्रूची कबर फोडून आपल्या शहिदाचा मान वाढत नाही. ती फोडायला निघालेल्यांनाही हाच इशारा लागू आहे.

आणि आता जे ऐकायला आपल्याला आवडणार नाही ते. ज्या रघूजींच्या तलवारीचं स्वागत झालं, त्यांच्याच फौजा १७४२ पासून १७५१ पर्यंत बंगालवर जात होत्या. तिथे त्यांना बर्गी म्हणतात, आणि बर्गींच्या नावाने आजही बंगालात लेकरं निजवली जातात. बंगाली कवी गंगारामाने ‘महाराष्ट्र पुराण’ लिहिलं ते आपली स्तुती करायला नव्हे. १७९१ मध्ये शृंगेरीचा मठ लुटला गेला तो परशुरामभाऊ पटवर्धनांच्या स्वारीत, आणि मठाला मदत पाठवली टिपूने. १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर तिथल्या चर्चच्या घंटा आपल्या देवळांत आल्या, भीमाशंकरला आणि मेणवलीला त्या लोक रोज पाहतात. त्या उतरवा असं मी म्हणत नाही, जवळजवळ तीनशे वर्षांच्या पूजेने त्या देवळाच्याही झाल्या आहेत. पण शेजारी पाटी लागली पाहिजे: ही कुठून आली, कोणत्या युद्धात, कुणाची होती. तलवारीच्या काचपेटीवरही बंगालचा उल्लेख हवा. हे लिहायला आपण कचरलो तर लंडनला कागदपत्रं मागायचा आपला अधिकार त्याच दिवशी संपला. लुटीचा नियम एकच हवा, आपली आणि त्यांची अशी दोन मापं ठेवता येणार नाहीत.

शेवटी घरच्यांना. महालात, बर्डीत, इतवारीत जुन्या घरांमध्ये शंभर वर्षांवरच्या मूर्ती, चित्रं, शस्त्रं, आणि पंचाहत्तर वर्षांवरची हस्तलिखितं आहेत. ज्या पुरावशेषांना नोंदणी सक्तीची आहे त्यांची ती १९७२ च्या कायद्याखाली करून घ्या, आणि उरलेल्यांचे फोटो व वर्णन तरी करून ठेवा. नोंद केली म्हणजे सरकार उचलून नेतं, ही भीती सोडा. मालकी तुमचीच राहते. मात्र ‘भंगारात काढतोय, पन्नास हजार देतो’ म्हणत येणाऱ्या दलालाला दार उघडलंत आणि वस्तू परवान्याविना देशाबाहेर गेली, तर बाहेर धाडणाऱ्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतची कैद आहे. असे व्यवहार आमच्या कानावर आले तर आम्ही पोलिसांत जाऊ. नातं, शेजार, जात, काही बघणार नाही.

२६ नोव्हेंबरपर्यंत यादीचं काम कुणाकडे दिलं, अजब बंगल्यातल्या वस्तूंच्या नोंदी कुठवर आल्या, आणि परदेशी लिलावात भोसलेकालीन वस्तू दिसली तर बोलीआधी नोटीस जाईल की नाही, याची लेखी उत्तरं राज्य सरकारने जाहीर करावीत. उत्तर आलं नाही तर २७ ला सकाळी माहितीच्या अधिकाराचे अर्ज पडतील, त्यामागून मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका दाखल होईल. डिसेंबरात हिवाळी अधिवेशनासाठी सगळं सरकार नागपूरला येतंच. त्या वेळी सीताबर्डीहून विधान भवनाकडे मोर्चा निघेल, परवानगी घेऊन, शांततेने, आणि उत्तर हातात पडेपर्यंत परत न फिरण्याच्या तयारीने. ज्यांना यायचं आहे त्यांनी आपल्या घरातल्या एका तरी जुन्या वस्तूची नोंद करून यावं.